इंदूरात फुकट वकील कसा मिळवायचा, आणि मिळाल्यावर त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं

आधीच सांगते, इंदूरात फुकट वकील मिळणं अवघड नाहीये. अर्ज नीट दिला तर साधारण आठवड्याभरात मिळतो. घोडं अडतं ते नंतर, म्हणजे वकील मिळाला, वकालतनाम्यावर (म्हणजे वकीलपत्रावर) सही झाली, आणि मग पुढच्या पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून माणूस दोन पेश्या चुकवतो, वकील पण कानाडोळा करतो आणि केसचं भिजत घोंगडं होऊन बसतं. मग सगळीकडे सांगत फिरायचं की फुकटातला वकील असाच असतो. तसं नसतं हो. म्हणून अर्ज कसा द्यायचा ते सांगीनच, पण त्यानंतरचं जास्त लक्ष देऊन वाचा.

मी इथे पॅरालीगल व्हॉलंटिअर आहे. वकील नाही. लोकांना फॉर्म भरून देणं, योग्य खिडकीशी नेऊन उभं करणं, कागद लावून देणं एवढंच माझं काम. राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग ह्या भागातली आपली मराठी मंडळी बरीच येतात, काही स्वतःसाठी, काही घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंसाठी किंवा सोसायटीच्या चौकीदारासाठी विचारायला, आणि नुकतेच महाराष्ट्रातून लग्न होऊन किंवा नोकरीवर आलेले तर हमखास गोंधळलेले असतात कारण इथले शब्द वेगळे, ऑफिसं वेगळी.

फर्मचं प्रो बोनो की सरकारी लीगल एड?

लोक गूगल करून येतात आणि विचारतात, ताई, एखादी मोठी लॉ फर्म फुकट केस घेईल का? घेतात, पण कुठल्या ते समजून घ्या. मोठ्या फर्म्स दिल्ली-मुंबईच्या, त्यांचं प्रो बोनो (फी न घेता केलेलं काम) बहुतेक संस्थांसाठी असतं, एखाद्या ट्रस्टची घटना लिहून देणं, करार तपासणं, किंवा हजारो लोकांचा प्रश्न असलेली मोठी याचिका. तुमच्या पोटगीसाठी किंवा भाडेकरूच्या भांडणासाठी मुंबईहून कोणी इंदूरच्या कोर्टात दर पेशीला येणार नाही, ते शक्यही नाही. इथे फर्म म्हणजे बहुतेक एक सीनियर आणि त्यांच्या हाताखाली तीन-चार ज्युनियर असं चेंबर, आणि त्यातली कितीतरी चेंबर्स गरजवंताची केस फी न घेता चालवतात, फक्त पाटी लावत नाहीत. लावताच येत नाही, कारण बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांत वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. त्याच नियमांमधला ४६ नंबरचा नियम मात्र असं सांगतो की ज्याला खरंच वकिलाची गरज आहे त्याला पैसे नसले तरी मदत मिळायला हवी, हे वकिलाने लक्षात ठेवायचं. तेव्हा ओळखीच्या वकिलाला सरळ विचारायला लाजू नका. फक्त विचारताना गोल गोल बोलू नका, "फी पूर्ण माफ कराल का, आणि टायपिंग, कोर्ट फी, नोटरी ह्याचा खर्च कोणाकडे?" एवढं पहिल्याच दिवशी विचारून घ्या, नाहीतर फी माफ आणि खर्चापाणी चालू असा प्रकार होतो.

ओळखीचं कोणीच नसेल तर केंद्र सरकारच्या न्याय विभागाचं "न्याय बंधू" नावाची योजना आहे, २०१७ पासूनची, तिचं ॲपही आहे, त्यात प्रो बोनो काम करायला तयार असलेल्या वकिलांनी नाव नोंदवलेलं असतं आणि अर्जदाराची त्यांच्याशी गाठ घालून देतात. नुसता सल्लाच हवा असेल तर टेली-लॉ, नंबर १४४५४, किंवा जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवरून. लॉ कॉलेजांची लीगल एड क्लिनिक्स पण असतात, तिथली मुलंमुली उत्साहाने अर्ज वगैरे लिहून देतात, कोर्टात उभी राहू शकत नाहीत एवढंच.

पण माझं स्पष्ट मत विचाराल तर आधी लीगल एडचाच, म्हणजे सरकारी खर्चाने मिळणाऱ्या वकिलाचाच अर्ज द्या. प्रो बोनो ही वकिलाची मर्जी. लीगल एड हा तुमचा हक्क, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली, आणि अर्ज नाकारला तर त्यावर अपील करता येतं. मर्जीवर अपील नसतं.

तुम्ही ह्यात बसता का

त्या कायद्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे. बाई असाल किंवा १८ वर्षांखालचं मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचे असाल, दिव्यांग असाल, कोठडीत असाल, कारखान्यातले कामगार असाल, पूर-भूकंप-दंगल असल्या आपत्तीत सापडलेले असाल, किंवा माणसांची तस्करी, वेठबिगारी ह्याला बळी पडलेले असाल, तर तुमचं उत्पन्न किती हे कोणी विचारायचं कारणच नाही. ह्यावर बायकांचा विश्वासच बसत नाही. बँकेत नोकरी करणारी बाई सुद्धा पात्र आहे, नवऱ्याचा पगार कितीही असो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, ती प्रत्येक राज्याची वेगळी आणि मधूनमधून वाढते, तेव्हा चालू आकडा ऑफिसात विचारा. सुप्रीम कोर्टातल्या केससाठी ती ५ लाख आहे.

आणि उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून परत फिरू नका. कलम १३ म्हणतं की उत्पन्नाचं स्वतःचं शपथपत्र पुरेसं धरता येतं, त्यावर शंका घ्यायला कारण नसेल तर. लोकसेवा केंद्रात दाखल्यासाठी हेलपाटे घालण्यात महिना घालवणारे लोक मी पाहिलेत, तोवर इकडे मुदत निघून जाते.

कागद, आणि आपल्या बायकांच्या नावांचा घोळ

आधार, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, केसचे जे काही कागद असतील ते (नोटीस, समन्स, एफआयआरची कॉपी, लग्नपत्रिका सुद्धा चालते), आणि जातीचा किंवा दिव्यांगाचा दाखला लागू असेल तर तो. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. ओरिजिनल कोणालाही देऊन यायचं नाही, दाखवायचं आणि पिशवीत परत टाकायचं.

आता घोळाचं बोलू. मराठी घरात लग्नानंतर मुलीचं आडनाव तर बदलतंच, पण कित्येक घरांत तांदळाच्या ताटात लिहून नावच बदलतात, आणि वर मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. मग दहावीच्या मार्कशीटवर एक बाई, लग्नाच्या दाखल्यावर दुसरी, आणि इथे आल्यावर आधार अपडेट करताना मधलं नावच गळलं कारण इकडे मधलं नाव लिहायची पद्धत नाही, म्हणून तिसरी. समोरचा वकील पहिल्याच पेशीला बोट ठेवतो की ही बाई तीच कशावरून. म्हणून अर्जात सुरुवातीलाच सगळी नावं "उर्फ" लावून लिहा आणि ह्या सगळ्या नावांची व्यक्ती मीच असं एक शपथपत्र जोडा. अर्ध्या तासाचं काम आहे, पुढचे सहा महिने वाचतात.

मराठीतले कागद असतील, म्हणजे सातबारा, ग्रामपंचायतीचा दाखला, मराठीतली चिठ्ठी, तर इथल्या कोर्टात कामकाज हिंदीत चालतं म्हणून भाषांतर लागतं. लीगल एडमध्ये कोर्ट फी, समन्स बजावायचा खर्च, नकला आणि भाषांतराचा खर्च सुद्धा येतो. हे तुम्ही मागितल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

कुठे जायचं

जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, लीगल एडचा अर्ज तिथेच द्यायचा. इथे सगळे "विधिक सेवा" म्हणतात, महाराष्ट्रातून आलेले "विधी सेवा" विचारत बसतात, चालतं तेही. पिपल्याहानाच्या नव्या कोर्ट बिल्डिंगचं बरेच वर्षं चाललंय तेव्हा निघायच्या आधी १५१०० ह्या हेल्पलाइनवर पत्ता विचारून घ्या, फोन फुकट आहे. महू, सांवेर, देपालपूरकडचे असाल तर तहसील पातळीवर समिती असते, इंदूरपर्यंत यायला नको. आणि पीथमपूरला कामाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, राहता तुम्ही राऊला असाल पण पीथमपूर धार जिल्ह्यात येतं, त्यामुळे तुमची केस कुठल्या कोर्टात जाणार हे पहिल्यांदा विचारून घ्या.

मंगळवारी कलेक्टोरेटला जनसुनवाई असते तिथे जाऊन लोक वकील मागतात. ती वेगळी गोष्ट, रस्ता-पाणी-रेशन-पेन्शन ह्या तक्रारींसाठी. सीएम हेल्पलाइन १८१ तीच. तिथून वकील मिळत नाही.

कोर्टाच्या गेटवर काही लोक "कोणतं काम आहे, चला करून देतो" म्हणत अंगावर येतात. त्यांच्याकडे न बघता आत जा. विधिक सेवेचा अर्ज फुकट असतो, साध्या कागदावर लिहिला तरी चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, आम्ही लिहून घेतो आणि अंगठा घेतो.

अर्जात काय लिहायचं ह्याचा एक नमुना सांगते, कारण इथेच लोक पानंच्या पानं भरतात. मागे एक काकू आल्या, चार घरी स्वयंपाक करणाऱ्या, त्यांनी शेजारच्या मुलाकडून सहा पानं लिहून आणली होती, सासूने २० वर्षांपूर्वी काय म्हटलं तिथपासून. आम्ही काय केलं, तर ते बाजूला ठेवलं आणि पाच ओळी लिहिल्या: मी अमुक उर्फ तमुक, राहणार इथे. लग्न ह्या साली. नवरा अमुक ठिकाणी काम करतो, ह्या महिन्यापासून घरी पैसे देत नाही. मला पोटगीची केस करायची आहे, वकील करायची ऐपत नाही. मी महिला असल्याने कलम १२ खाली पात्र आहे. खाली सही, तारीख, मोबाईल नंबर. झालं. ती सहा पानं वाया गेली नाहीत, ती वकिलासाठी ठेवली, तिथे ती लागतात.

अर्ज दिला की पोच घ्या. झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख. निर्णय सात दिवसांत व्हावा असा नियम आहे, त्यामुळे आठव्या दिवशी ती पोच घेऊन जाऊन विचारायचं, भांडायचं नाही, नुसतं विचारायचं. प्राधिकरणाचे सचिव हे न्यायाधीशच असतात, त्यांना भेटता येतं, लोक उगाच घाबरतात.

वकील मिळाल्यावर

नियुक्तीचं पत्र मिळतं, त्यावर वकिलाचं नाव आणि नंबर. दोन दिवसांत स्वतः फोन करा, त्यांच्या फोनची वाट बघत बसू नका. पहिल्या भेटीला जाताना तारखांचा एक कागद करून न्या, डावीकडे तारीख, उजवीकडे काय झालं, एक पान. ह्या एका पानाने वकिलाचा तुमच्याकडे बघायचा दृष्टिकोन बदलतो हे मी खात्रीने सांगते, कारण त्याच्याकडे दिवसाला कितीतरी फायली असतात आणि जी फाईल पटकन समजते ती आधी उघडली जाते.

कोऱ्या कागदावर सही नको. वकालतनामा सोडून जिथे सही कराल ते वाचून, निदान वाचून घेऊन.

केस दाखल झाली की सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) मागा, १६ अक्षरं-आकड्यांचा असतो. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलमध्ये टाका, तो नंबर घाला, पुढची तारीख, मागच्या पेशीला काय झालं सगळं दिसतं. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला सांगा. आदल्या दिवशी वकिलाला मेसेज: उद्या पेशी आहे, मला यायचं का, काय आणायचं. पेशीच्या दिवशी सकाळी कोर्टरूमच्या बाहेरच्या बोर्डावर आपला नंबर बघून ठेवा आणि चहाला जाताना कोणालातरी सांगून जा, पुकारा नेमका तेव्हाच होतो.

पोटगीच्या केसमध्ये एक जास्तीचं काम. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय की दोन्ही बाजूंनी आपापल्या कमाईचं, मालमत्तेचं, कर्जाचं शपथपत्र द्यायचं. नवरा त्यात कमाई कमी दाखवणार हे धरूनच चाला, म्हणून तुमच्याकडे काय पुरावा आहे ते जमवा: दुकानाचा फोटो, गाडीचा नंबर, यूपीआयचे मेसेज, मुलांच्या शाळेत भरलेली फी. रक्कम कोर्ट हवेतून ठरवत नाही. आपल्या इंदूरच्याच शाहबानोंची पोटगीची केस घ्या, १९७८ ला इथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज, नवरा स्वतः वकील, आणि १९७९ मध्ये मंजूर झाले महिन्याला २५ रुपये. हायकोर्टाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि १९८५ ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. राजकारण लोकांना आठवतं, मला ते २५ रुपये आठवतात. तेव्हा पहिला आदेश कमी आला म्हणून तो शेवटचा नसतो, वाढवून मागता येतं.

सासर महाराष्ट्रात आणि माहेर इंदूरला असं असेल तर केससाठी जळगाव-नागपूरला जायची गरज नाही. पोटगी, घरगुती हिंसाचार, हिंदू विवाह कायद्याखालचा घटस्फोट, तिन्ही बाबतीत बायको जिथे राहते तिथे अर्ज करता येतो. नवऱ्याने तिकडे आधीच केस टाकली असेल तर मात्र तिकडच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, तो इथून पुढे पाठवायला सांगा.

पैसे मागितले तर

लीगल एडच्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. त्याचं मानधन प्राधिकरण देतं, ते कमी आहे आणि उशिरा येतं हेही खरं, पण तो तुमचा प्रश्न नाही. एका वकिलाने आमच्याकडच्या बाईंकडे दर पेशीला पेट्रोलचे पैसे मागायला सुरुवात केली, त्या देत राहिल्या कारण नाही म्हटलं तर केस बिघडेल अशी भीती. असं झालं तर तारीख-रक्कम लिहून सचिवांकडे अर्ज द्या, वकील बदलून मिळतो, आणि वकिलांच्या कामावर लक्ष ठेवायला मॉनिटरिंग कमिटी असते. नुसतं पटत नाही, फोन उचलत नाही, तरीही बदल मागता येतो, पण दर दोन महिन्यांनी बदलत बसू नका, नवीन माणसाला फाईल समजायला परत वेळ जातो.

अपघाताच्या केसमध्ये "आत्ता काही नको, भरपाई मिळाली की एवढा हिस्सा" असं म्हणणारे भेटतील. निकालावर हिस्सा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तो प्रो बोनो नाही.

आधी खाजगी वकील केला होता, पैसे संपले, आता लीगल एड हवंय, हेही चालतं. जुन्या वकिलाची ना-हरकत घ्यायची. तो म्हणतो उरलेली फी दे मग फाईल देतो? सुप्रीम कोर्टाने २००० साली, मध्य प्रदेशातल्याच केसमध्ये, सांगून टाकलंय की फीसाठी वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही.

कोणाला अटक झाली तर

इथे अर्ज, सात दिवस वगैरे काही नाही. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात, तेव्हा तोंडाने एवढंच म्हणायचं, मला वकील नाही, सरकारी खर्चाने द्या. कोठडीतला माणूस उत्पन्न न बघता पात्र. ह्यासाठी आता लीगल एड डिफेन्स कौन्सिल म्हणून पूर्णवेळ वकिलांची टीम असते, २०२२ ची योजना. घरच्यांनी रात्रीच १५१०० ला फोन करून ठेवावा. जेलमध्ये गेल्यावर तिथेही लीगल एड क्लिनिक असतं.

लोक अदालतीत सही करायच्या आधी

वर्षातून साधारण चार वेळा शनिवारी नॅशनल लोक अदालत (तडजोडीने केसेस मिटवायची अदालत) भरते, वीजबिल, बँकेचं कर्ज, चेक बाउन्स, अपघात असल्या केसेस झटपट निघतात, भरलेली कोर्ट फी परत मिळते. चांगली सोय आहे. पण तिथल्या निकालावर अपील नाही. गर्दी असते, सगळे घाई करतात, "करून टाका बाई" म्हणतात, आणि आकडा मान्य नसताना माणूस सही करतो. नाही पटलं तर नाही म्हणा, केस जिथे होती तिथेच परत जाते, कोणी शिक्षा करत नाही.

निकाल लागला, विरुद्ध गेला

त्याच दिवशी नकल शाखेत प्रमाणित नकलेचा अर्ज टाका, लीगल एडवाल्यांना ती फुकट. मुदती छोट्या आहेत: फौजदारी शिक्षेवर सेशन्सला अपील ३० दिवसांत, हायकोर्टाला ६० दिवसांत, दिवाणी निकालावर हायकोर्टाला साधारण ९० दिवस. नकल मिळायला जे दिवस लागले ते वजा होतात, पण अर्ज टाकलेला असला तरच. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाची विधिक सेवा समिती वेगळी आहे, तिथे नवीन अर्ज द्यावा लागतो, जिल्ह्यातला वकील आपोआप वर येत नाही. जुन्या नियुक्तीपत्राची झेरॉक्स, निकालाची नकल आणि ते तारखांचं एक पान सोबत न्या.